काळजीची जागा

मजकूर लिहून झाला, सेव्ह केला, फोल्डर उघडला आणि एका फाईलऐवजी तीन दिसल्या. एक आपली. दुसरी त्याच नावाची, पण नावाच्या शेवटी एक नागमोडी रेघ. तिसरीच्या नावाआधी टिंब आणि शेवटी ‘यूएन’ला जोडून तीच रेघ. विंडोजवर ‘व्हिम’ हा एडिटर नव्याने वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. मनात पहिली शंका व्हायरसची येते आणि हात डिलीटच्या बटणाकडे जातो.

पण या फायली परक्या नसतात. जुन्या मजकुरावर नवा लिहिला जात असताना एक नाजूक क्षण येतो. जुने पुसले गेलेले असते आणि नवे अजून पुरते उतरलेले नसते. नेमकी तेव्हाच वीज गेली किंवा डिस्क भरली, तर दोन्ही हातचे जातात. म्हणून व्हिम आधी जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवतो आणि नवे लेखन सुखरूप पार पडले की ती पुसतो. ‘बॅकअप’ हा पर्याय चालू असला, की ती प्रत तशीच राहते. तीच नागमोडी रेघवाली फाईल. तिसऱ्या फाईलमध्ये आपण केलेल्या बदलांची नोंद असते. एडिटर बंद करून पुन्हा उघडला, तरी ‘अनडू’ करत मागे जाता यावे, ही तिच्यामागची सोय. १९८५ साली आलेला ‘जीएनयू ईमॅक्स’ हा एडिटरही फाईल उघडल्यानंतरच्या पहिल्या सेव्हला, आपण हात लावण्यापूर्वी ती जशी होती तशी प्रत, आपणहून बाजूला ठेवतो.

ही काळजी घ्यायला सांगितले कोणी, हे व्हिमलाच विचारता येते. ‘व्हर्बोज सेट बॅकअप’ अशी आज्ञा देऊन पुढे प्रश्नचिन्ह टाकले, की पर्याय चालू आहे का आणि तो शेवटी कोणत्या फाईलमधून बदलला गेला, हे तो सांगतो. विंडोजवर बहुधा नाव निघते ते व्हिमसोबतच आलेल्या नमुना सेटिंगच्या फाईलचे. म्हणजे नव्या माणसाचे लिखाण वाया जाऊ नये, हा विचार कोणीतरी आधीच करून ठेवलेला होता.

तरीही ही प्रत जिथे पडेल तिथे राहू देणे बरे नव्हे. वेबसाइटच्या सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतली सेटिंग फाईल दुरुस्त केली आणि तिची अशी प्रत मागे राहिली, तर सर्व्हर सहसा त्या प्रतीला प्रोग्रॅम मानत नाही. मागेल त्याला ती साध्या मजकुरासारखी दाखवतो आणि आतला डेटाबेसचा पासवर्ड उघडा पडतो. लिनक्समध्ये कोणाला कोणते अधिकार हे ठरवणारी ‘सुडू’ ही व्यवस्था आपल्या नियमांच्या फोल्डरमधली, नावाअखेर नागमोडी रेघ असलेली फाईल वाचतच नाही. वाचली असती, तर काढून घेतलेला अधिकार जुन्या प्रतीतून पुन्हा जिवंत झाला असता. घराची जास्तीची किल्ली हवीच, पण ती विश्वासाच्या शेजाऱ्याकडे असावी, पायपुसण्याखाली नव्हे.

म्हणून बॅकअप बंद करून टाकणे हा उपाय मला पटत नाही. एक वेगळा फोल्डर करावा आणि ‘बॅकअपडिर’ व ‘अनडूडिर’ या दोन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता द्यावा. पसारा आवरतो आणि आधारही सुटत नाही.

घरात आणि कामावरही आपल्याला अडचण वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळात कोणाची तरी काळजी असतात. त्या झटकून टाकणे सोपे आणि तशाच सोसत राहणेही सोपे. कष्ट मधल्या वाटेला पडतात. ही काळजी कोणाची, कशासाठी, हे आधी विचारावे आणि मग तिला तिची जागा नेमून द्यावी. आज समोर एखादी नको वाटणारी गोष्ट आली, तर पुसण्याआधी एवढा प्रश्न विचारू या.