थोर नटाने वाईट सिनेमे केले, तर कुणाचं काय बिघडतं?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री मी अल पचिनोचा ‘हँगमन’ (२०१७) पाहिला. अक्षरं ओळखून शब्द पुरा करायच्या, मुलांच्या फाशीच्या खेळाप्रमाणे एक खुनी खून करत सुटतो आणि निवृत्त पोलीस अधिकारी झालेला पचिनो त्याच्या मागावर निघतो. अर्ध्या तासात सिनेमातला रस संपला. तरी मी शेवटपर्यंत बसलो आणि उठलो तो चक्क रागावून. अनोळखी नटाचा सिनेमा असता, तर मी तो बंद करून झोपलो असतो. मग हा राग कसला?

‘डॉग डे आफ्टरनून’मध्ये (१९७५) बँक लुटायला गेलेला, घामाने निथळणारा, क्षणात हास्यास्पद आणि क्षणात केविलवाणा सनी ज्याने उभा केला, तोच माणूस ‘८८ मिनिट्स’मध्ये कानाला मोबाइल लावून सिएटलभर धावत राहतो. तुझ्या आयुष्याची ८८ मिनिटं उरली आहेत, असं त्याला फोनवर सांगितलेलं असतं; सिनेमा मात्र त्याहून लांब आहे. त्याच दिग्दर्शकाचा ‘राइचस किल’ २००८ साली आला, सोबत रॉबर्ट डी नीरो. ‘हीट’मध्ये (१९९५) हे दोघे एका टेबलाशी समोरासमोर बसले होते, तेव्हा पोलीस आणि दरोडेखोर यांच्यातल्या त्या संथ बोलण्याचा ताण गोळीबारापेक्षा जास्त होता. तेरा वर्षांनी दोघांना अख्खा सिनेमा एकत्र मिळाला आणि त्यातला एकही प्रसंग माझ्या लक्षात राहिला नाही.

पहिलं उत्तर सहज सुचतं: त्याने स्वतःचं नाव खराब केलं. पण हे तपासून पाहिलं तर टिकत नाही. ‘८८ मिनिट्स’मुळे ‘डॉग डे आफ्टरनून’च्या एकाही फ्रेमवर ओरखडा उठलेला नाही. वाईट कामाने हात बिघडतो म्हणावं, तर ‘हँगमन’नंतर दोनच वर्षांनी त्याने ‘द आयरिशमन’मधला जिमी हॉफा केला आणि त्यासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

दुसरं उत्तर पैशाचं. २०२४ साली आलेल्या ‘सनी बॉय’ या आत्मचरित्रात पचिनोने सांगितलं आहे की, त्याचा पैसा बुडाला, हिशेब पाहणारा माणूस तुरुंगात गेला आणि मग त्याने पैशासाठी कामं घेतली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पोटासाठी काम केलं, तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण ‘८८ मिनिट्स’ आणि ‘राइचस किल’ पैसा बुडाल्याचं कळण्याआधीचे आहेत. शिवाय गरज होती म्हणून माफ आणि नव्हती म्हणून दोषी, असा निवाडा करायला मला त्याची वही-खातीच तपासावी लागतील. तो माझा अधिकार नाही.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवते. मी अनुवादावर पोट भरतो. आवडत्या कादंबरीच्या एका परिच्छेदावर दोन-दोन दिवस घालवतो. माहितीपत्रकं मात्र उरकतो. दोन वर्षांपूर्वी एका औषधाच्या पत्रकात मी ‘जेवणाआधी’च्या जागी ‘जेवणानंतर’ लिहिलं. छपाईआधी तपासणाऱ्या मुलीच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. तेव्हा माझ्याकडे सबब तयार होती: असल्या कामात कोण जीव ओतणार? त्या पत्रकावर माझं नाव नव्हतं, त्यामुळे नाव खराब व्हायचा प्रश्नच नव्हता. पण ते वाचून गोळी घेणारं कुणीतरी असणार होतं.

तेव्हापासून मला वाटतं, आपण देणं चुकीच्या खात्यावर मांडतो. नट स्वतःच्या कीर्तीचं देणं लागत नाही, माझ्या आठवणींचं तर मुळीच नाही. कोणतं काम घ्यावं, हा त्याचा प्रश्न. घेतल्यावर मात्र त्या संध्याकाळी तिकीट काढून समोर बसलेल्या माणसाचं तो देणं लागतो. काम हलकं असेल. ते उरकायचं की करायचं, हे तरीही त्याच्याच हातात उरतं.

या मापाने मी ‘हँगमन’ पुन्हा लावला. पचिनो त्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल काढायला बघतो. तो त्याला धड जमत नाही, कधी निसटतो, पण धडपड दिसते. चांगले नसलेले सिनेमे घेऊन ते थोडे बरे करण्याचा नादच लागला आहे, असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. तो नाद इथे मला दिसला. ‘८८ मिनिट्स’मध्ये मला तोही दिसत नाही. तिथे तो फोन उचलतो, ठेवतो आणि पुढे जातो.

माझा राग खरा होता, फक्त भलत्या सिनेमावर निघाला. बाकी, तो औषधाचा मजकूर मी त्या दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा केला. पैसे तेवढेच मिळाले.