‘खोटं खोटं’ आणि खोटे

भातुकली मांडलेल्या घरी पाहुणा म्हणून जाण्याचा प्रसंग आला, की मोठ्या माणसाची लहानशी परीक्षाच होते. चार वर्षांची यजमानीण बोटाएवढी कपबशी पुढे करते आणि बजावते, “आजोबा, गरम आहे हं, फुंकून प्या.” कपात काहीच नसते. “यात चहा कुठे आहे?” असे पाहुण्याने विचारले, तर तो खरे बोलतो, पण त्या घरात त्याच्याइतका असभ्य माणूस दुसरा नसतो. फुंकर घालून तो चहा प्यायला, तर मात्र तो खोटे वागला असे म्हणायचे काय?

मराठी मुलांनी या प्रश्नाचे उत्तर भाषेतच देऊन ठेवले आहे. ती म्हणतात, “हा खोटा खोटा चहा आहे.” एकदा उच्चारलेले ‘खोटे’ हा आरोप असतो, तोच शब्द दोनदा उच्चारला, की त्याचा करार होतो. असत्याला समोरच्याचे अज्ञान लागते. भातुकलीतल्या चहाला त्याची संमती लागते. लबाडी उघडकीस आली की संपते, खेळ मात्र दोघांनाही सारे ठाऊक असूनच चालतो.

या कराराला नियम असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राड येथील व्याख्यानात हेच दाखवून दिले. दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणी बहिणी’ खेळतात, तेव्हा एरवी नकळत जगलेले नाते त्यांना जाणीवपूर्वक वागवावे लागते, हे उदाहरण त्यांनी घेतले होते. भातुकलीतली आईसुद्धा मनाला येईल तशी वागू शकत नाही. खाऊचे खरे चुरमुरे समोर असले, तरी पाहुण्यांना वाढून होईपर्यंत तिला ते तोंडात टाकता येत नाहीत. कोणी न लादलेला नियम पाळणे आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, या नीतीच्या दोन्ही गोष्टी ती उपदेशावाचून शिकत असते.

मारिया माँटेसरी यांना हे सहजी पटले नसते. १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथील मुले खेळण्यांपेक्षा खऱ्याखुऱ्या कामात अधिक रमतात, असे त्यांना आढळले. मुलांच्या हाती खोटी पोळी देणे म्हणजे त्यांना खऱ्या जगापासून दूर ठेवणे नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही.

परंतु त्यांचाच विचार मराठी मुलखात रुजवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा खऱ्या कामाचा तुटवडा नसलेली आदिवासी मुले त्यांना भेटली. गुरे राखणाऱ्यांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलींना शिकता यावे म्हणून शाळेला पाळणाघर आणि बालवाडी जोडावी लागली. जिच्या कडेवर खरे मूल आहे, तिला बाहुली कशाला, असे कोणी म्हणेल. पण बाहुली खाली ठेवता येते. खेळातले आईपण तिन्हीसांजेला आवरून डब्यात भरता येते. कडेवरचे मूल तसे ठेवता येत नाही. त्या मुलीला माया ठाऊक नसते असे नव्हे. निवड ठाऊक नसते. स्वेच्छेने घेता येते आणि टाकताही येते, अशा भूमिकेतच माणूस स्वतःकडे थोडे दुरून पाहू शकतो. ही मोकळीक सर्व मुलांच्या वाट्याला सारखी येत नाही, हा मला या विषयातला खरा नैतिक प्रश्न वाटतो.

खेळाचे लाभ आता सर्वमान्य झाले आहेत; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बालशिक्षणात खेळाला मानाचे स्थान दिले. त्याचे स्वागतच करावे. मात्र केवळ लाभासाठी खेळवलेला खेळ पुन्हा कामच होऊन बसतो. मुलांचे मोठ्यांकडे मागणे थोडकेच असते: खऱ्या ओझ्यातून मोकळा केलेला थोडा वेळ, आणि पुढे केलेल्या रिकाम्या कपावर घातलेली एक फुंकर.