रिकामा धक्का काय सांगतो?

माळव्याची अफू आणि पश्चिम हिंदुस्थानचा कापूस मुंबईहून चीनला जात होता. जमशेटजी जीजीभाईंची श्रीमंती त्याच व्यापारातली. जॉन थॉमसन यांनी चीनमध्ये काढलेली छायाचित्रे १८७३-७४ मध्ये चार खंडांत छापली गेली. अशा छायाचित्रांना त्या व्यापाराचे प्रत्यक्ष प्रमाण मानावे का? मला ते मान्य नाही. त्या काळी कॅमेऱ्यातल्या ओल्या काचेवर प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत. दुकानाची पाटी स्पष्ट येई, ओझे घेऊन धावणारा हमाल मात्र धूसर होई, नाहीतर पुसलाच जाई. ज्याच्या पाठीवर व्यापार चालला, तोच चित्रात नाही, धक्का रिकामा दिसतो! मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न दिसण्याला, तिच्या अभावाचे प्रमाण मानले खरे, पण वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच. इथे ती अट पुरी होत नाही.

कोणी म्हणेल, कॅमेऱ्याला पक्षपात नसतो. पण तो कुठे रोखायचा, हे माणूसच ठरवतो. म्हणून छायाचित्रे टाकून द्यावीत असे मुळीच नाही. गाठोड्यांची बांधणी, वखारीचे दार, पाटीवरची अक्षरे यांची साक्ष भरवशाची आहे. आणि काचेवरची ती धूसर रेघ? नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांच्या, उदाहरणातल्या डोंगरावरच्या धुरासारखी ती वाचावी. धुरावरून अग्नी, तसा रेघेवरून हमाल अनुमानाने गाठता येतो.