आशुरा आणि एकादशी एकाच दिवशी



१७ जुलै २०२४ आणि ६ जुलै २०२५ या दोन्ही दिवशी आपल्याकडे मुहर्रमची १० तारीख, म्हणजे आशुरा होता. त्याच दोन्ही दिवशी आषाढी एकादशीही होती. त्याआधीची दोन वर्षे आठवून पाहा. १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ रोजी एकादशी आली ती ईद-उल-अजहाच्या दिवशी. सलग चार वर्षे महाराष्ट्राचा हा मोठा दिवस आपल्या दहा तारखेला येत राहिला.

यात चमत्कार नाही. एकादशी अमावास्येनंतरची अकरावी तिथी. आपला महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे बहुधा दिवसभर उशिरा सुरू होतो. म्हणून आपली दहा तारीख आणि शुक्ल एकादशी दर महिन्यालाच एकमेकींच्या शेजारी असतात. पंचांगात सुमारे तीन वर्षांनी अधिक मास येतो, आपल्याकडे तो नाही. म्हणून २०२३ च्या अधिक श्रावणानंतर आषाढी जिलहिज्जातून मुहर्रममध्ये सरकली. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती २५ जुलैला, सफर महिन्यात जाते.

सूरह बकराच्या १८९ व्या आयतीत चंद्रकोरींविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आले आहे. त्या लोकांसाठी आणि हजसाठी कालगणनेचे साधन आहेत, असा त्याचा आशय. तेथे शब्द ‘नास’ आहे, केवळ ईमानवंत नव्हे, सर्व माणसे. मदरशात ही आयत मी अनेकदा वाचली होती. त्या शब्दापाशी थांबलो मात्र एकादशीच्या दिवशी, नागपुरात.

आता आशुराच्या रोजाचा उगम पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील यहुदी त्या दिवशी उपवास करीत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी प्रथम कारण विचारले. अल्लाहने ह. मूसा (अ.) आणि बनी इस्राईल यांना फिरऔनपासून सोडवले तो हा दिवस, असे उत्तर मिळाले. त्यावर मूसांशी आमचे नाते अधिक जवळचे आहे असे सांगून प्रेषितांनी स्वतः रोजा ठेवला आणि ठेवण्यास सांगितले. पुढे नवव्या तारखेचाही रोजा ठेवण्याचा मनोदय त्यांनी व्यक्त केला; ते वर्ष उजाडण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. म्हणून आपण दहा तारखेच्या जोडीला नऊ किंवा अकरा घेतो. वेगळेपण जपले गेले, आणि दुसऱ्याच्या उपवासाची थट्टाही झाली नाही. या रिवायतीतील ते विचारणे मला फार मोलाचे वाटते.

ह. आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार रमजानचे रोजे फर्ज होण्यापूर्वी आशुराचा रोजा ठेवला जाई आणि काबागृहावर वस्त्र चढवण्याचा दिवसही तोच होता. पुढे हिजरी ६१ मध्ये, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० रोजी, याच तारखेला करबलाच्या मैदानात ह. हुसैन (रजि.) शहीद झाले. सुटकेबद्दलची कृतज्ञता आणि शहादतीचे दुःख, दोन्ही एका दिवसात मावतात.

येथे एक कबुली देतो. इमामतीच्या पहिल्या वर्षी मिंबरवरून मी लांबलचक यादी वाचली होती: ह. आदम (अ.) यांची तौबा, ह. इब्राहीम (अ.) यांची अग्नीतून सुटका, ह. यूनुस (अ.) यांचे माशाच्या पोटातून बाहेर येणे, सारे दहा मुहर्रमलाच. नमाजनंतर एका वृद्ध गृहस्थांनी हळूच विचारले, “मौलानासाहेब, हे कोणत्या किताबात आहे?” मी शोधले. अशा लांब यादीची रिवायत इब्नुल जौजी यांनी बनावट हदीसांत गणलेली निघाली. पुढच्या जुम्याला त्याच मिंबरवरून तसे सांगावे लागले. ऐकलेले सर्व पुढे सांगत सुटणे हेच माणसाच्या खोटेपणाला पुरेसे आहे, हा हदीसचा इशारा मी त्याआधी इतरांना कितीदा ऐकवला होता!

तारखेला नसते महत्त्व चिकटवण्याची ही सवय जुनी आहे. प्रेषितपुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला. दुःखात असूनही प्रेषितांनी तो तोडला. कोणाच्या जन्मामरणामुळे ग्रहण लागत नाही, असे स्पष्ट सांगितले. म्हणून आशुरा आणि एकादशी यांचे मूळ एकच असल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर आला, तर सद्भावनेच्या नावाखालीसुद्धा तो पुढे पाठवू नका. शेजाऱ्याशी चांगले वागण्यास खोट्या इतिहासाचा आधार लागत नाही.

२०२३ च्या ईदला महाराष्ट्रात अनेक गावी मुस्लिमांनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. काही तरुणांनी मला रागाने विचारले, दीन वाकवला का? मुळीच नाही. ईदची नमाज तिच्याच वेळी झाली. कुर्बानीला शरीअतने १० ते १२ जिलहिज्जा अशी मुदत दिली आहे. त्या मुदतीतला पुढचा दिवस निवडला, एवढेच.

ह. रुबय्यि (रजि.) सांगतात, मदीनेतील स्त्रिया आशुराला लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावीत, मूल भुकेने रडू लागले की लोकरीचे खेळणे हाती देत आणि इफ्तारपर्यंत रमवीत. गेल्या ६ जुलैला माझ्या मुलाचाही हट्टाने ठेवलेला रोजा होता. मगरिबला तो सुटला. शेजारच्या काकूंचा उपवास मात्र दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुटणार, हे त्याला ठाऊक नव्हते. तो वाटीत खजूर घेऊन त्यांच्या दारी गेला. काकू म्हणाल्या, “दे बाळा, खजूर उपवासाला चालतो.”