नोंदलेले आणि न नोंदलेले

नाताळच्या सुटीत आमच्या ओटीवर दोन आप्तांची चांगलीच जुंपली. थोरले गेली वीस वर्षे लंडनला असतात. धाकटा त्यांचा मावसभाऊ, अमेरिकेत न्यू जर्सीला. धाकटा म्हणाला, "दादा, तुमच्या इंग्लंडात आमच्यापेक्षा नऊपट हिंसाचार आहे. सरकारी आकडा आहे, माझ्या पदरचा नाही." थोरले उसळले, "अरे, तुमच्याकडे शाळेत शिरून पोरांवर गोळ्या झाडतात, आणि तू मला हिंसाचार शिकवतोस?" दोघांनीही आकडे आणले होते आणि दोघांचेही आकडे खरे होते. अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने २०२२ साली लाख लोकसंख्येमागे सुमारे ३८० हिंसक गुन्हे दाखवले. इंग्लंड व वेल्सच्या पोलिसांनी मार्च २०२२ अखेरच्या वर्षात नोंदलेली 'व्यक्तीविरुद्ध हिंसा' वीस लाखांहून अधिक, म्हणजे लाखामागे साडेतीन हजारांच्या घरात. उलट खुनांचे प्रमाण त्याच काळात अमेरिकेत लाखामागे सहाहून अधिक, तर इंग्लंडात एकाच्या थोडे वर. एका देशात माणसे अधिक हिंसक आणि दुसऱ्या देशात ती अधिक मरतात, असे हे चमत्कारिक चित्र. पाहुणे गेल्यावरही तो वाद आमच्या डोक्यातून गेला नाही.

उलगडा करण्यासाठी एकच थप्पड घेऊ. समजा, रस्त्यात गाडी लावण्यावरून दोघांत बाचाबाची झाली आणि एकाने दुसऱ्याच्या कानशिलात लगावली. लंडनला फिर्याद गेली तर इजा झालेली नसतानाही ती हिंसेच्या सदरात पडते. त्याच सदरात पाठलाग करून छळणे, धमकावणे हेही येते. बलात्कार आणि जबरी चोरी मात्र तिथे वेगळ्या सदरांत असतात. न्यू जर्सीचे पोलीस ती थप्पड लिहून घेतील, पण एफ.बी.आय.च्या हिंसक गुन्ह्यांच्या बेरजेत ती येणार नाही. कारण त्या बेरजेत फक्त खून, बलात्कार, जबरी चोरी आणि शस्त्राने किंवा गंभीर इजा होईल असा केलेला हल्ला हे चारच प्रकार धरतात. आणि आपल्या वसईत? ठाणे अंमलदार 'अदखलपात्र' अशी नोंद करून एन.सी.चा कागद हाती देईल आणि "कोर्टात जा" म्हणेल. हिंसक गुन्ह्यांच्या राष्ट्रीय बेरजेत या थपडेला जागा नाही. गाल तोच आणि हातही तोच. परंतु तीन देशांच्या तीन वह्या.

या विद्येचा उगम पाहिला तर तिचे आद्य अभ्यासक आजच्या वादपटूंपेक्षा सावध होते, असे दिसते. फ्रान्सने गुन्ह्यांची वार्षिक कोष्टके १८२७ पासून छापण्यास आरंभ केला. त्यांवर चिंतन करणाऱ्या बेल्जियमच्या आदोल्फ केतले याने १८३५ च्या ग्रंथात स्पष्ट कबूल केले, की उघडकीस आलेले गुन्हे आणि प्रत्यक्ष घडलेले गुन्हे यांचे गुणोत्तर जवळजवळ स्थिर असते, असे गृहीत धरल्याखेरीज या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हे गृहीतक त्याने झाकून ठेवले नाही, ही त्याची सचोटी. एका देशापुरते, थोड्या वर्षांपुरते ते कदाचित चालून जाईल. दोन देशांत ते गुणोत्तर सारखे असेल, असे मानण्यास मात्र काहीही आधार नाही.

स्वीडनचे उदाहरण घ्या. बलात्काराच्या नोंदींत त्या देशाचा क्रमांक फार वरचा लागतो. अलीकडच्या वर्षांत लाखामागे ऐंशीच्या वर. आपल्याकडे २०२२ चा दर ४.७. (येथे भाजकही निराळा आहे: आपला दर लाख स्त्रियांमागे, त्यांचा लाख लोकसंख्येमागे. वाद घालणाऱ्यांपैकी किती जण एवढे पाहतात, कोण जाणे.) आता यावरून आपली लेक स्टॉकहोमपेक्षा येथे वीसपट सुरक्षित आहे, असे कोणी म्हणेल काय? स्वीडनमध्ये एखाद्या स्त्रीने वर्षभर नवऱ्याकडून वारंवार झालेल्या जबरदस्तीची फिर्याद केली, तर प्रत्येक वेळ वेगळी मोजतात. तक्रार येताच नोंद होते. पुढे तपासात काय निघाले याची वाट पाहिली जात नाही. २००५ आणि २०१३ साली त्यांनी व्याख्या रुंदावली, आणि १ जुलै २०१८ पासून संमती नसणे एवढेच पुरेसे मानले. आपल्या कायद्यात सज्ञान पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही; १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेनेही तो अपवाद कायम ठेवला. शिवाय आपल्या राष्ट्रीय गणनेत एका घटनेतील सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. बलात्कार करून खून केला, तर तो बलात्काराच्या बेरजेत येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. पोलिसांकडे जाणाऱ्या त्यांतल्याही अगदी थोड्या. आमच्या मते या दोन दरांतील अंतर पुरुषांच्या क्रौर्याचे जितके आहे, त्याहून कितीतरी अधिक ऐकून घेणाऱ्या कानांचे आहे.

यावर जाणकार म्हणतात, इतर गुन्हे सोडा, खून मोजा. प्रेत लपत नाही. हे बरेचसे खरे आहे, आणि आमच्या आप्तांच्या वादात थोरल्यांची बाजू त्यामुळेच भक्कम होती. तथापि खुनाची वहीसुद्धा दिसते तितकी सरळ नाही. जपानच्या पोलिसांच्या खुनाच्या आकड्यात खुनाचे प्रयत्नही मिळवलेले असतात. इंग्लंडात २००२–०३ साली खून एकाएकी वाढलेले दिसतात. त्यांपैकी १७२ हे हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरने मागल्या अनेक वर्षांत केलेले होते, चौकशीचा निष्कर्ष त्या वर्षी लागला इतकेच. १९८९ साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात चेंगरून मेलेले ९६ जण २०१६–१७ च्या आकड्यांत चढले. मग इस्पितळाचाही प्रश्न आहे. पोटात गोळी लागलेला माणूस वेळेवर शस्त्रक्रियागृहात पोचला तर 'खुनाचा प्रयत्न', वाटेत गेला तर 'खून'. मारणाऱ्याच्या मनात तर दोन्हीकडे एकच होते.

आणि आपल्याकडे स्टोव्ह आहे. आमच्या वयाच्या वाचकांना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती दोन ओळींची बातमी आठवत असेल: स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून नवविवाहितेचा मृत्यू. १९८६ साली दंडविधानात कलम ३०४-ब आले आणि लग्नापासून सात वर्षांच्या आतील अशा संशयास्पद मृत्यूंना 'हुंडाबळी' हे वेगळे सदर मिळाले. २०२२ साली देशात २८,५२२ खून नोंदले गेले. हुंडाबळी ६,४५०, स्वतंत्र रकान्यात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मान्य केलेल्या वर्गीकरणात हुंड्यापायी केलेली हत्या हेतुपुरस्सर हत्येतच धरली आहे. पण ३०४-ब मध्ये छळाला कंटाळून स्वतःला संपवणाऱ्याही येतात. म्हणजे सगळ्या मिळवल्या तरी चूक, सगळ्या वगळल्या तरी चूक.

येथे आम्हांला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे कलम येण्यापूर्वीची, आमच्या महाविद्यालयीन दिवसांतली. आमच्या वाडीत चार घरे सोडून एक सून अशीच जळून गेली. आदल्या रात्री त्या घरातले ओरडणे आम्ही ऐकले होते; भिंती तेव्हा पातळ होत्या आणि रात्री शांत. सकाळी पोलीस आले, पंचनामा झाला, वडीलधाऱ्यांना विचारले. कोणी काही ऐकले नव्हते. आम्हांला कोणी विचारले नाही, आणि आम्ही आपण होऊन पुढे झालो नाही. 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद झाली. लिहिणाऱ्या हवालदाराला आम्ही दोष देणार नाही. सांगितले ते त्याने लिहिले. तो कागद तालुक्याहून जिल्ह्याला, तेथून मुंबईला आणि दिल्लीला गेला असेल, आणि पुढे कोण्या परदेशी विद्वानाच्या कोष्टकात भारताचा आकडा एकाने कमी लागला असेल. तो एक आम्ही कमी केला. कमी आकड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांशी वाद घालताना आम्हांला म्हणूनच जपून बोलावे लागते.

मात्र या विचाराचा एक सोयीस्कर गैरवापर आम्हांला ठाऊक आहे. आकडा वाढला की गृहखात्याचा प्रवक्ता सांगतो, "लोकांचा विश्वास वाढला, नोंदी वाढल्या." आकडा घटला की तोच गृहस्थ सांगतो, "गुन्हे घटले." दोन्हीकडून विजयच. नोंदी वाढल्याने आकडा वाढतो हे खरे असू शकते. केरळचा गुन्ह्यांचा दर राष्ट्रीय कोष्टकात वारंवार वर दिसतो, त्यामागे ते एक कारण आहे असे मानले जाते. परंतु ते नुसते म्हणून चालत नाही, दुसऱ्या वहीशी ताडून पाहावे लागते. अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंडात १९८२ पासून घरोघर जाऊन 'तुमच्यावर काय गुदरले' असे विचारणाऱ्या पाहण्या होतात, त्या याचसाठी. २०१४ साली इंग्लंडातील पोलीस निरीक्षण संस्थेनेच जाहीर केले, की लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे पाचातला एक आणि हिंसक गुन्ह्यांपैकी तिनातला एक पोलिसांनी नोंदलाच नव्हता. त्याच वर्षी त्या आकड्यांचा अधिकृत दर्जाचा शिक्का काढून घेण्यात आला. ज्या देशाने आपली वही चुकीची असल्याचे स्वतःच छापले, त्याचा आकडा पुढे वाढला तर त्याला अधिक हिंसक ठरवण्याची आम्हांला घाई नाही.

त्या दिवशी ओटीवर वाद थकल्यावर धाकट्याने विचारले, "आणि आपल्याकडचा खुनाचा आकडा काय?" आम्ही सांगितले, लाखामागे दोनाच्या थोडे वर. "म्हणजे अमेरिकेच्या एक तृतीयांश!" असे म्हणून तो खूश झाला. मग आम्ही त्याला हुंडाबळींचा वेगळा रकाना दाखवला. त्याने खिशातले पेन काढले आणि बेरीज करू लागला. ६,४५० पैकी किती मिळवायच्या, असे त्याने आम्हांला विचारले. आम्हांला ते सांगता आले नाही. थोरले त्याच वाडीत वाढलेले. ते काही बोलले नाहीत. ती चार घरे सोडूनची सून कोणत्याच रकान्यात नव्हती.