माशांवर पोसलेलं जंगल

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नदीकाठच्या स्प्रूसच्या खोडांत समुद्रातला नायट्रोजन सापडतो. तो तिथवर पोचवतं अस्वल! सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून जन्मनदीत परततात. अस्वल मासा धरून झाडीत नेतं, बरेचदा डोकं आणि गाभोळी तेवढी खातं. खवय्याच तो! उरलेल्याचं मुळांना खत होतं. तीच झाडं सावलीनं पाणी गार राखतात. ती तोडली, की गाळ येऊन गोट्यांतली अंडी गुदमरतात.

धरणं तर माशांची वाटच अडवतात. अमेरिकेत युरोक, कारुक आदिवासी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत पाडली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅमन ऑरेगन राज्यापर्यंत चढले, शंभराहून अधिक वर्षांनी.