लक्षात राहणे आणि स्मरण

भाविक वाचकहो, लक्षात राहणे आणि स्मरण घडणे या गोष्टी एक नव्हेत. नवविधा भक्तीत श्रवण-कीर्तनामागोमाग स्मरणाला मान आहे. तो काही नुसत्या पाठांतराला नव्हे. हा भेद कळावा म्हणून आपल्या शहापूर-मुरबाडकडचेच उदाहरण घेऊ.

पहिली आठवण प्रसंगाची. म्हशाच्या जत्रेत बैल कितीला घेतला, बांधावर कोण काय बोलला, हे तिच्यात साठते. दुसरी आठवण अंगाची. आवणीला उतरलेली बाई शेजारणीशी बोलत असते, आणि बोटे आपली चिखलात रोप खोवीत जातात. त्यांना सांगावे लागत नाही. टाळकऱ्याच्या पावलीचेही तसेच.

या दोन आठवणींची घरे निराळी आहेत. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या गृहस्थाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे नवा प्रसंग त्याच्या लक्षात राहीना. तरी आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. मात्र हे काल केले होते, याचा त्याला पत्ताच नसे! ब्रेंडा मिलनर या विदुषीने हे १९६२ साली मांडले.

म्हणूनच सुनेचे नाव विसरलेले म्हातारे माणूस टाळ हाती येताच हरिपाठ धरते, असे पुष्कळदा दिसते. त्याला “बाबा, तुम्हाला काय आठवतंय!” म्हणून कोपऱ्यात बसवू नका, भजनात बसवा.

मग नाम अंगवळणी पडले की झाले काय? नाही. जीभ हरि म्हणते आणि मन बांधावरचे भांडण उगाळते, तेव्हा ते पाठांतर होते, स्मरण नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी क्रोधातून मोह आणि मोहातून स्मृतिभ्रंश, अशी उतरंड सांगितली आहे. तेथे विसर वयाने पडत नाही, रागाने पडतो. भाऊ काय बोलला ते वीस वर्षे ध्यानात राहते, आणि तो आपला भाऊ आहे हेच विसरून जाते! अठराव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मोह गेला, स्मृती लाभली. त्याने नवे काही पाठ केले नव्हते. आपण कोण, ते त्याला उमगले.

तात्पर्य, हातपाय धड आहेत तोवर नाम अंगवळणी पाडू या, आणि नाम घेता घेता मनातली अढी सोडू या. यंदा वारीला निघताना बांधापलीकडच्या भावाला आधी ‘रामकृष्णहरि’ म्हणू. तेवढे साधले, तर स्मरण घडले.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!